ट्रोपियस आपल्याकडे का नाही? (रावेर-यावलवाल्यांनी जरूर लिहा)

तापीकाठचा ट्रेनर, सावदा

मंडळी, विषय जुना आहे, पण इथे त्याचा वेगळा धागा कुणी काढलेला दिसत नाही. पोकेमॉन गो या फोनवरच्या गेममध्ये आपण जिथे असू तिथले पोकेमॉन निघतात, त्यात ट्रोपियस फक्त आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या आसपास निघतो. आपल्या वाट्याला काय, तर टॉरकोल आणि पॅनसिअर. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश आपला, त्यात केळी म्हटलं की पहिलं नाव जळगाव जिल्ह्याचं, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय मानांकनही मिळालं. आणि गळ्यात केळीचा घड घेऊन फिरणारा पोकेमॉन आपल्या नशिबात नाही!

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रोपियस म्हणजे नॅशनल डेक्समधला, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या यादीतला, ३५७ नंबर. ग्रास आणि फ्लाइंग असे दोन टाइप (कोणता हल्ला किती लागणार ते टाइपवर ठरतं). उंची दोन मीटर, वजन शंभर किलो, लांब मानेचा डायनासोर म्हणा. पाठीवर केळीच्या पानासारखी चार पानं, तेच त्याचे पंख. हनुवटीखाली पिवळी फळं लोंबतात. २००२ च्या रूबी-सफायर या गेमपासून मालिकेत आहे. पोकेडेक्स म्हणतं की याला फळांचं इतकं वेड की खाता खाता शेवटी यालाच फळं लागली, आणि उष्ण प्रदेशातली पोरं ती फळं मधल्या वेळचं खाणं म्हणून खातात. आता ही पोरं सावदा-फैजपूरची नाहीत तर कुठली?

पण मला लिहायचंय ते वेगळंच. याला मारक टाइप पाच: आइस, फायर, फ्लाइंग, रॉक आणि पॉयझन. त्यातला आइस चौपट लागतो. आता घरात केळीच्या फळपीक विम्याचा कागद असेल तर काढून बघा. भरपाई कशाकशाची मिळते? कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा, गारपीट. म्हणजे आइस, फायर, फ्लाइंग, रॉक! उरलं पॉयझन, तर तो आपला सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूरोग, समजा. विमा हवामानाचा आहे, रोगाचा नाही, म्हणून तो कागदावर नाही, एवढाच काय तो फरक.

हा प्राणी ज्याने काढला त्याने रावेर तालुक्यात एक हंगाम काढला असावा अशी माझी पक्की शंका आहे.

भुसावळी टॉरकोल, भुसावळ

टॉरकोलला नावं ठेवायची नाहीत. माझ्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. पाठीत कोळसा जाळून धूर सोडणारं कासव भुसावळात निघणार नाही तर काय महाबळेश्वरला निघणार? माझ्या मते कंपनीने आमच्यापुरता तरी नकाशा बरोबर लावलाय.

विम्याचं मात्र भारी पकडलंस भो.

धुळ्याची ईव्ही, धुळे

दादा, मजा आली वाचून, पण जरा थांबा. या पाच कमजोऱ्या ट्रोपियसच्या नाहीत, ग्रास-फ्लाइंग या जोडीच्या आहेत. जंपलफलाही त्याच पाच, तिलाही आइस चौपट. जंपलफ म्हणजे वाऱ्यावर उडणारा कापसाचा गोळा. तिच्यासाठी विम्याचा कोणता कागद काढणार?

शिवाय त्याच जोडीमुळे ग्राउंडचा हल्ला त्याला लागतच नाही, आणि वॉटर, फायटिंग अर्धं, ग्रास तर पावच लागतं. केळीला जमिनीचा काही फरक पडत नाही असं रावेरमध्ये जाऊन म्हणून दाखवा बरं.

तापीकाठचा ट्रेनर, सावदा

ताई, जंपलफच्या गळ्यात घड नाही. :)

आणि कापसाचं म्हणाल तर तोही आपलाच की. जंपलफपण खान्देशला द्या, कोण नाही म्हणतंय!

चाळीसगाव एक्सप्रेस, चाळीसगाव

ट्रोपियस म्हटलं की मला आठवतो तो एमराल्ड गेममधला रूट ११९. फोनवर गेमबॉय ॲडव्हान्सचा एम्युलेटर टाकून एमराल्ड खेळणाऱ्या पिढीतला मी. कधी पाऊस, कधी मळभ, आणि गवत एवढं उंच की त्यात सायकल चालत नाही. चालत जायचं. तिथेच हा निघतो. तिथेच ती हवामान संस्था, जिथे कॅस्टफॉर्म नावाचा पोकेमॉन फुकटात मिळतो. आणि तिथल्याच नदीत फीबास हा मासा, तोही फक्त सहा चौकोनांत, आणि ते सहा कुठले हे प्रत्येकाच्या गेममध्ये वेगळं. त्या नदीकाठी मी किती सुट्ट्या घालवल्या ते घरच्यांना विचारा.

पण ट्रोपियसचं आमच्यात नाव होतं ते लढाईसाठी नाही. कट, फ्लाय, स्ट्रेंग्थ, फ्लॅश, रॉक स्मॅश, एवढे पाच एचएम (वाट काढायला लागणाऱ्या मूव्ह) एकटा शिकायचा! आठातले पाच. टीममध्ये चार जागा मोठ्या माणसांच्या, एक पाण्यावरून नेणाऱ्या सर्फवाल्याची, आणि एक याची. घरगडी म्हणून ठेवायचा. बिचाऱ्याची लेव्हल शेवटपर्यंत चाळिशीच्या आत.

पुढे फॉर्ट्रीच्या जिममध्ये तिथल्या प्रमुख विनोनाने एमराल्डमध्ये हाच काढला समोर, तेव्हा कळलं की हा लढतोसुद्धा. सनी डे (ऊन पाडणारी मूव्ह) टाकते, आणि उन्हात सोलर बीमला थांबावं लागत नाही. माझा स्वॅम्पर्ट (वॉटर-ग्राउंड, त्याला ग्रास चौपट लागतो) एका फटक्यात आडवा.

अमळनेरचा स्नोरलॅक्स, अमळनेर

स्वॅम्पर्ट घेऊन ग्रासवाल्यासमोर कोण जातं भाऊ

चाळीसगाव एक्सप्रेस, चाळीसगाव

सहावीत होतो. तेव्हा स्वॅम्पर्ट घेऊन सगळीकडेच जायचो.

पिलबाग, रावेर तालुका

नमस्कार. मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, त्याच्याच खात्यावरून लिहितो आहे. त्याने हा धागा वाचून दाखवला आणि चित्रही दाखवलं. केळीत आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द.

पहिलं म्हणजे थंडी चौपट आणि वारा दुप्पट, हा हिशेब ज्याने केला त्याने केळी लावलेली नाही. थंडीने नुकसान होतं, नाही असं नाही. आत्ताच बघा, रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की झाडाची वाढ थांबते, नवीन पान सुटायला वेळ घेतं, घड अडकतो, फळ फुगत नाही, सालीवर काळपटपणा येतो. आम्ही त्याला चरका म्हणतो. व्यापारी असा माल बघून तोंड वाकडं करतो. रात्री बागेला पाणी द्यायचं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, हे सगळं करतो. पण झाड उभं राहतं. माल हलका निघतो, भाव कमी मिळतो, पण मिळतो.

वारा वेगळा. मे अखेरीला किंवा जूनच्या तोंडाला संध्याकाळी वावटळ उठते, आणि अर्ध्या तासात घडासहित खोडं आडवी. केळीचं खोड म्हणजे लाकूड नाही, पानांच्या देठांची गुंडाळी. मोडलं ते मोडलं. बारा महिने सांभाळलेली बाग कापणीच्या तोंडावर झोपली की त्यातलं काही विकता येत नाही. तेव्हा चौपट द्यायचं असेल तर वाऱ्याला द्या.

दुसरं, याचे पंख. केळीचं पान वाऱ्यात फाटतं, आणि फाटलं म्हणूनच झाड वाचतं. चिरा पडल्या की त्यातून वारा निघून जातो. अखंड पान असेल तर ते शिडासारखं वारा धरतं आणि खोड मोडतं. म्हणजे हा गडी त्या पानांनी उडायला लागला तर पहिल्याच दिवशी पंखांच्या झिरमिळ्या व्हायच्या.

धुळ्याची ईव्ही, धुळे

काका, नमस्कार. म्हणूनच त्याचा स्पीड ५१ आहे. :) सगळ्या गुणांची एकूण बेरीज ४६०, त्यातला बराचसा वाटा एचपी (जीव) ९९ चा. थोडक्यात, वेग नाही, मार खायची ताकद आहे.

तुम्ही लिहा अजून. पानाचं मला अजिबात माहीत नव्हतं.

नवापूर लिटल, नवापूर

काकासाहेब, एक शंका. पोकेडेक्सच्या एका नोंदीत लिहिलंय की ट्रोपियसला वर्षातून दोनदा फळं येतात. केळीलाही दोन हंगाम असतात ना? मृगबाग आणि कांदेबाग?

पिलबाग, रावेर तालुका

दोन हंगाम लागवडीचे. मृगबाग जून-जुलैत लावतात, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. पण एक झाड दोनदा घड देत नाही. एका झाडाला आयुष्यात एकच घड. तो कापला की झाडाचं काम संपलं, बुंध्याशी आलेली पिलं पुढची बाग धरतात. माझं इथलं नाव त्यावरूनच पोराने ठेवलं आहे.

तेव्हा दरवर्षी दोनदा फळ देणारं आणि तरी जिवंत राहणारं हे जनावर केळी नव्हे. फळ दिलं तरी मूळ धनी कायम, पुढच्या बहाराला परत तयार. ही आंब्या-लिंबाची रीत झाली, नाहीतर दुभत्या जनावराची.

आणि तिसरी गोष्ट राहिलीच. पोरं थेट मानेवरून तोडून खातात म्हणे. आमच्याकडे बाजाराची केळी हिरवीच कापतात. सावदा-रावेरहून दिल्लीकडे रॅक जातात, ट्रक जातात, तो माल कच्चाच असतो, तिथे चेंबरमध्ये पिकवतात. झाडावर पिकू दिलं तर फळ तडकतं, पाखरं आणि वटवाघळं ताव मारतात. याच्या मानेवर ती पिवळी होईपर्यंत राहतात म्हणजे याचा व्यापाऱ्याशी संबंध आलेला नाही. सुखी आहे.

तापीकाठचा ट्रेनर, सावदा

काका, तुम्ही तर माझ्या दाव्याची पार बाग झोपवली. पण विम्याचा कागद मी सोडणार नाही.

शिरपूरना गडी, शिरपूर

काय चर्चा चाली ऱ्हायनी भो! हाऊ पोकेमॉन आपलाच शे, माले तर काही शंका नही. पन माले एक सांगा, गो मा तो भेटी कसा? ते सांगा ना कोनी.

नावात काय आहे, जळगाव

सोपं आहे. फेक जीपीएस टाका, नैरोबीला जाऊन बसा, पाच मिनिटांत ट्रोपियस. मी ॲपचं नाव

नियंत्रक

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. खोटं लोकेशन लावणं गेमच्या नियमांविरुद्ध आहे. तीन इशाऱ्यांची पद्धत आहे, तिसऱ्याला खातं कायमचं जातं. इथे त्याच्या युक्त्या सांगू नयेत. बाकी धागा छान चालला आहे, चालू द्या.

मूळ अमळनेर, सध्या कंपाला

नमस्कार मंडळी. घरच्या ग्रुपवर कुणीतरी या धाग्याची लिंक टाकली. नोकरीनिमित्त युगांडात असतो. माझ्याकडे ट्रोपियसची रांग लागली आहे, आपल्याकडे पिजी लागते तशी. आता तर मी पकडायचंही सोडून दिलंय.

आफ्रिकेला का दिला, यावर तुम्ही चिडलात, पण इथे राहून बघा. युगांडाइतकी केळी खाणारे लोक जगात फार थोडे. आणि आपल्यासारखी जेवणानंतर एखादं नव्हे, केळी हेच जेवण. मातोके म्हणतात. हिरवी केळी सोलायची, केळीच्या पानात गुंडाळून वाफवायची, मग पानातच दाबून मऊ करायची. पिवळट गोळा होतो, त्यावर शेंगदाण्याची आमटी किंवा मटणाचा रस्सा. पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मला वाटलं पिठलं आहे. सकाळी सायकलवर हिरवे घड लादून माणसं बाजाराला निघतात, सायकल दिसत नाही, नुसते घड चालताना दिसतात. त्यांच्या मधोमध फोनवर ट्रोपियस उभा राहतो तेव्हा तो उपरा वाटत नाही, एवढंच सांगतो.

शेंगदाण्याची आमटी मात्र आपल्याच हातची बरी. इथली गोडसर असते.

भुसावळी टॉरकोल, भुसावळ

भाऊ, ट्रोपियस पकडायचं सोडून दिलं हे वाक्य इथे लिहायला जिगर लागते. पुढच्या वेळी भुसावळ स्टेशनवर उतरशील तेव्हा सांभाळून.

अमळनेरचा स्नोरलॅक्स, अमळनेर

कंपालावाले भाऊ, अमळनेरला कोणत्या भागात घर? मी न्यू प्लॉटला.

मूळ अमळनेर, सध्या कंपाला

जवळच की रे. वाडी संस्थानच्या बाजूला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतोय.

नवापूर लिटल, नवापूर

आखाजीला येतोय!!! वाचलं का सगळ्यांनी?

धुळ्याची ईव्ही, धुळे

वाचलं. पण तिकडे जायच्या आधी लढाईचं लिहिते, नाहीतर हा धागा नुसता देवाणघेवाणीचा होईल, आणि ट्रोपियस म्हणजे घरगडी एवढंच लोकांच्या लक्षात राहील.

मुख्य मालिकेत त्याला तीन ॲबिलिटी मिळतात. क्लोरोफिल म्हणजे उन्हात स्पीड दुप्पट. सोलर पॉवर म्हणजे उन्हात स्पेशल अटॅक दीडपट, पण दर टर्नला आठवा हिस्सा एचपी जातो. आणि हिडन ॲबिलिटी हार्वेस्ट: खाल्लेली बेरी टर्नच्या शेवटी परत उगवते. एरवी निम्म्या वेळा, उन्हात दर वेळी. खरा ट्रोपियस इथे सुरू होतो.

हातात सिट्रस बेरी. मूव्ह: सबस्टिट्यूट, लीच सीड, प्रोटेक्ट, आणि मारायला एअर स्लॅश. सबस्टिट्यूट म्हणजे मार झेलणारा बाहुला, त्याला पाव एचपी जातो. एचपी निम्म्यावर किंवा त्याखाली आला की सिट्रस बेरी खाल्ली जाते आणि पाव एचपी परत मिळतो. बेरी पुन्हा उगवली की पुन्हा तेच. समोरचा लीच सीडने झिजत राहतो, तुम्ही बाहुल्यामागे बसून राहता.

आता बारीक गोष्ट, जी नव्वद टक्के लोक चुकवतात. लेव्हल १०० ला एचपीमध्ये सगळे २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) ओतले तर एचपी होतो ४०२. त्याचा पाव म्हणजे १०० (अपूर्णांक गेममध्ये सोडून देतात). दोन सबस्टिट्यूट केले की उरले २०२. निम्मा होतो २०१. एका एचपीने बेरी अडकली! बेरी खाल्ली जात नाही, तुम्ही तिसरा सबस्टिट्यूट करायला जाता आणि सगळा मेळ कोलमडतो. म्हणून ईव्ही २५२ नाही, २४४ द्यायचे. एचपी बरोब्बर ४००. दोन सबस्टिट्यूट, उरले २००, तेच निम्मं, बेरी लगेच. आठ ईव्ही कमी देऊन जास्त जगतो तो. या हिशेबात आयव्ही (जन्मजात गुण) ३१ धरला आहे.

समोर ग्रास टाइप आला तर लीच सीड बसत नाही, आणि आइस शार्डवाला मॅमोस्वाइन आला तर गपचूप परत बोलवायचं. त्यावर उपाय नाही.

पिलबाग, रावेर तालुका

ताई, खत कमी टाकून पीक जास्त, हे मुलाला समजावून सांगताना माझा घसा बसतो. तुमचा हिशेब मी त्याला वहीत लिहून ठेवायला सांगितला आहे.

एक विचारतो. लीच सीड म्हणजे बी पेरतो असं मुलगा म्हणाला. केळीला बी कुठे असतं? आपण खातो त्या केळीत बी नसतंच, पिलं लावतात, नाहीतर टिश्यूची रोपं. मग याच्याकडे बी आलं कुठून?

धुळ्याची ईव्ही, धुळे

काका, प्रश्न एकदम बरोबर! त्याचं स्वतःचं नाहीच ते. लेव्हल वाढून त्याला लीच सीड येत नाही, अंड्यातून वारशाने येतं. ट्रोपियसचे एग ग्रुप (ज्यांच्यात जोडी जमते ते गट) दोन, मॉन्स्टर आणि ग्रास. बल्बासॉरचेही तेच दोन, आणि त्याला लीच सीड येतं. तेव्हा बाप बल्बासॉर किंवा व्हीनसॉर घ्यायचा, आई हार्वेस्टवाली ट्रोपियस घ्यायची. पिल्लू दोन्ही घेऊन येऊ शकतं. हार्वेस्ट दर पिल्लात उतरेलच असं नाही, अंडी उबवत राहायचं.

पिलबाग, रावेर तालुका

म्हणजे बी बापाकडचं आणि फळ आईकडचं. बरं.

भुसावळी टॉरकोल, भुसावळ

ईव्हीताई, एक मिनिट. उन्हात हार्वेस्ट दर वेळी चालतं म्हणालात ना? मग ऊन कोण पाडणार? टॉरकोल! गेमच्या सातव्या पिढीपासून टॉरकोलला ड्रॉट ही ॲबिलिटी आहे. मैदानात नुसता उतरला की पाच टर्न ऊन, हातात हीट रॉक असेल तर आठ.

डबल बॅटलमध्ये टॉरकोल आणि ट्रोपियस शेजारी शेजारी. भुसावळचं ऊन आणि सावद्याची केळी. झाली की खान्देशची टीम.

तापीकाठचा ट्रेनर, सावदा

हे मला आधी सुचायला हवं होतं राव.

पण भुसावळच्या मे महिन्यात आमची केळी सटकतात हेही लक्षात घे. ४५ अंशात घडाचा दांडा मऊ पडतो आणि घड सटकतो. बांधाला शेवरी, गजराज गवत, कुणी हिरवी नेट लावतं, तरी पानं करपतात. म्हणजे ऊन मित्र पण आणि वैरी पण. सोलर पॉवरचं तेच आहे ना, हल्ला दीडपट आणि दर टर्नला आठवा हिस्सा गेला.

धुळ्याची ईव्ही, धुळे

तेच आहे. म्हणून सोलर पॉवरवाला ट्रोपियस कुणी फारसा वापरत नाही. आणि टॉरकोलसोबत जोडी लावायची तर लोक क्लोरोफिलवाला व्हीनसॉर घेतात, ट्रोपियस नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमची खान्देश टीम रँकिंगमध्ये वर जाणार नाही. मजा म्हणून खेळा.

भुसावळी टॉरकोल, भुसावळ

हरलो तरी चालेल, पण हीच टीम.

चाळीसगाव एक्सप्रेस, चाळीसगाव

सहाव्या जागेवर माझा स्वॅम्पर्ट ठेवा.

शिरपूरना गडी, शिरपूर

ते समदं ठीक शे, पन आखाजीनं काय ठरनं?

मूळ अमळनेर, सध्या कंपाला

हो हो, सांगतो. द्यायला माझी ना नाही, पण अडचण गेमची आहे. ट्रेड (पोकेमॉनची अदलाबदल) करायला दोघं शंभर मीटरच्या आत हवेत, ते जमेल. पण ज्याच्या डेक्समध्ये ट्रोपियस नाही त्याच्यासाठी तो स्पेशल ट्रेड धरला जातो, आणि स्पेशल ट्रेड दिवसाला एकच करता येतो. म्हणजे मी अमळनेरात जितके दिवस, तितकेच ट्रोपियस. आणि त्यातले निम्मे दिवस सासुरवाडी आणि लग्नं यात जाणार, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरं म्हणजे स्टारडस्ट, गेममधलं चलन. नुसती ओळख असेल तर २०,००० लागतात. ग्रेट फ्रेंडला १६,०००, अल्ट्राला १,६००, आणि नव्वद दिवस रोज एकमेकांच्या भेटी (गिफ्ट) उघडून बेस्ट फ्रेंड झालो तर फक्त ८००. आखाजीला अजून तीन महिने आहेत. आजच मैत्री जोडली आणि एक दिवसही चुकवला नाही तर जमतं. माझा मैत्री जोडायचा कोड नियंत्रकांकडे देतो, इथे उघड्यावर नको.

नियंत्रक

कोड मिळाला. ज्यांना हवा त्यांनी निरोप पाठवावा. धाग्यात कोड, फोन नंबर, पत्ते टाकू नयेत.

नवापूर लिटल, नवापूर

मी पहिला! हंगामाचा प्रश्नही मीच विचारला होता.

अमळनेरचा स्नोरलॅक्स, अमळनेर

भाऊ गल्लीतला माणूस असताना नवापूरहून कोण येतंय पहिला. मी चपला घालून निघालो की दोन मिनिटांत तिथे.

तापीकाठचा ट्रेनर, सावदा

धागा कुणी काढला?

भुसावळी टॉरकोल, भुसावळ

मला ट्रोपियस नको, मी आपला टॉरकोलवर खूश. पण माझा नंबर मी विकायला तयार आहे. एक किलो केळी वेफर्स, ताजे, मिरीवाले.

धुळ्याची ईव्ही, धुळे

नंबर कसले विकताय! ज्यांची मैत्री आधी बेस्टला पोचेल ते आधी, असं ठेवा. रोज भेट उघडायला लागेल, जो विसरला तो मागे. भांडण नको आणि स्टारडस्टही वाचेल.

आणि काकांच्या मुलाचं नाव यादीत घ्या. त्या घरात ट्रोपियस नसणं बरं दिसत नाही.

पिलबाग, रावेर तालुका

मुलगा आत्ता शेजारी उड्या मारतो आहे. त्याची दहावीची परीक्षा मार्चात आहे, रोज भेट उघडायची तर फोन द्यावा लागेल. ते मी उघडेन. कुठे दाबायचं तेवढं त्याने दाखवलं आहे.

अमळनेरला यायचं तर गाडी घेऊन येऊ. त्या सुमारास कांदेबागेची कापणी लांब असते, वेळ असतो. कंपालाच्या भाऊंसाठी घरची केळी आणतो, पिकलेली. ते मातोके कसं करतात ते त्यांनी आमच्या घरच्यांना सांगावं, कच्ची पण आणतो.

मूळ अमळनेर, सध्या कंपाला

काका, मातोकेची जात वेगळी असते, आपल्या ग्रँड नैन जातीची जमेल का शंका आहे. पण कच्ची आणाच, करून बघू. नाही जमलं तर भाजी.

शिरपूरना गडी, शिरपूर

मनं नाव लिखा रे यादीमा! कोड नही उना अजून माले. नियंत्रक भाऊ, निरोप धाडेल शे, जरा देखा.